डच चित्रांतला माणूस कोणत्या थरातला, हे कशावरून ओळखायचं?

खडूपाटी

नमस्कार मंडळी. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी सतराव्या शतकातल्या वीसेक डच चित्रांची मराठीत ओळख लिहायचं काम हाती घेतलं आहे. सूत्र एकच: चित्रातला माणूस समाजाच्या कोणत्या थरातला आहे आणि चित्रकाराने ते कशातून दाखवलं आहे. लिहायला घेतल्यावर लक्षात येतंय की या विषयावरची बरीच विधानं आपण एकमेकांची वाचून पुढे ढकलत आलोय. अडलेले मुद्दे असे:

रेम्ब्रांट आणि फ्रान्स हाल्स यांच्या चित्रांतली बडी मंडळी नखशिखांत काळ्या कपड्यांत असतात. 'प्रोटेस्टंट साधेपणा' असं त्याचं कारण सगळीकडे दिलेलं असतं. मग श्रीमंती दिसते कुठे? व्हर्मीर आणि पीटर दे होख यांच्या घरांत काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या फरश्या आणि टेबलावर गालिचे, तर या घरांना मध्यमवर्गीय म्हणावं का? एका खोलीत दोन बायका असतील तर मालकीण कोण आणि मोलकरीण कोण? आणि आद्रियान फान ओस्टाडेच्या गुत्त्यातले शेतकरी पाहून 'गरिबांविषयीची कणव' असं लिहिणं बरोबर आहे का? ती चित्रं विकत कोण घ्यायचं?

नेमकी चित्रं, साल आणि चित्रात कुठे पाहायचं, हे सांगितलंत तर फार उपयोग होईल.

नीळमंजिष्ठ

काळ्या रंगापासून सुरुवात करू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. 'काळं म्हणजे साधं' हे त्या काळच्या रंगाऱ्याला अजिबात पटलं नसतं. लोकरीच्या कापडावर खोल आणि टिकाऊ काळा चढवायचा तर आधी नीळ किंवा वोड या वनस्पतीच्या हौदात कापड गडद निळं करून घ्यायचं आणि मग त्यावर मंजिष्ठाचा तांबडा चढवायचा. प्रत्येक फेरीला वेगळा हौद, वेगळी भट्टी, वाढता खर्च. स्वस्तातली वाट म्हणजे मायफळ आणि हिराकस. मायफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं की शाईसारखा काळा तयार होतो, तोच कापडात मुरवायचा. काम झटपट होतं, पण लोखंडाने धागा कुजतो आणि रंग हळूहळू तपकिरी पडतो. म्हणजे तेव्हाच्या बाजारात दोन काळे होते: एक मिरवायचा आणि एक विटणारा. चित्रात गर्द, निळसर झाक असलेला काळा दिसला की तो महागाचा समजा.

हा मुद्दा विद्यार्थ्यांना एकाच चित्रावर समजावता येतो. रेम्ब्रांटचं १६६२ सालचं कापड-तपासनिसांचं चित्र घ्या. टेबलामागचे पाच जण ॲमस्टरडॅममध्ये निळ्या आणि काळ्या कापडाचाच दर्जा ठरवायचे. या पाचांपैकी दोघे कॅथलिक, एक मेनोनाइट, एक रेमॉन्स्ट्रंट (हे दोन्ही वेगळे प्रोटेस्टंट पंथ) आणि एकच जण अधिकृत सुधारित चर्चचा. धर्मपंथ चार, कपडा मात्र सगळ्यांचा एकच. त्यामुळे काळ्याचं कारण फक्त धर्मात शोधलंत तर हे चित्र तुम्हाला खोटं पाडेल. काळा हा स्पेनच्या दरबारातून युरोपभर पसरलेला प्रतिष्ठेचा रंग होता. स्पेनशी लढून वेगळे झालेले डच व्यापारीही तोच घालत राहिले.

त्याच चित्रात सहावा माणूस आहे, मागे उभा. त्याचं नाव फ्रान्स हेंड्रिक्स बेल, त्या कचेरीचा नोकर. कपडे जवळपास तसेच काळे, कॉलरही पांढरी. मग तो नोकर हे कशावरून? पाचही जणांच्या डोक्यावर रुंद काठाची हॅट आहे आणि त्याच्या डोक्यावर नाही. त्या समाजात प्रतिष्ठित पुरुष घरात आणि बैठकीतही हॅट घालून बसत. वरिष्ठांसमोर उघड्या डोक्याने उभं राहायचं ते कनिष्ठाने. एका हॅटने पाच जण एकीकडे आणि एक जण दुसरीकडे झाला. कोणत्याही गटचित्रात पहिली नजर डोक्यांवर टाका, दुसरी नजर कोण बसलंय आणि कोण उभं आहे यावर.

काळ्याबरोबर पांढरं पाहायचं. गळ्याभोवतीची चुण्यांची जाड गोल कॉलर म्हणजे कित्येक मीटर तलम लिनन. ती धुवायची, खळ करायची आणि एकेक चुणी गरम सळीने बसवायची. कॉलर घालणारा हे काम स्वतः करत नाही. पांढरेशुभ्र कापड अंगावर असणं म्हणजे दुसऱ्याचे श्रम अंगावर असणं. १६३० नंतर चुण्यांची कॉलर मागे पडून खांद्यावर सपाट पसरणारी लेसची कॉलर आली. तिथे किंमत लेसच्या विणीत असते. रेम्ब्रांटची मार्टेन सोलमान्स आणि ओप्येन कॉपित या जोडप्याची १६३४ ची दोन चित्रं पाहा. कॉलरीला लेस, पायातल्या बंधांना लेस आणि बुटांवर वाटीएवढी फुलं. दोघंही पूर्णाकृती उभी आहेत. उभं पूर्णाकृती चित्र ही तोवर राजेरजवाड्यांची आणि सरदारांची रीत होती. मार्टेनच्या बापाचा साखर शुद्धीकरणाचा धंदा. त्या साखरेमागे ब्राझीलमधल्या गुलामांचे श्रम होते, हे ओळखीत लिहायला विसरू नका. २०१६ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सने मिळून १६ कोटी युरोंना ही जोडी विकत घेतली.

वर्गात दाखवताना एक अडचण हमखास येते. मोबाइलवर किंवा स्वस्त प्रोजेक्टरवर हे सगळे काळे एकच डाग होऊन बसतात आणि मुलं म्हणतात, साधेच तर कपडे आहेत. त्यासाठी संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकाराची प्रत उतरवून घ्या, उजेड वाढवलेली दुसरी प्रत शेजारी ठेवा आणि बाहीच्या घडीवर बोट ठेवा. मखमल घडीच्या माथ्यावर काळी राहते आणि कडेला चमकते. साटीन घडीच्या माथ्यावरच लखकन उजळतं. लोकर कुठेच चमकत नाही. हाल्सकडे सत्तावीस काळे असावेत असं व्हॅन गॉगने भावाला लिहिलं होतं. ते मुलांना या घड्या दाखवल्यावर पटतं.

ओसरी

घरांबद्दल लिहिते. संगमरवराच्या फरश्या पाहून 'डच मध्यमवर्गाचं घर' असं लिहिलंत तर चूक होईल. विलेमाइन फॉक या अभ्यासिकेने त्या काळातल्या मरणोत्तर मालमत्तेच्या याद्या आणि घरांचे पुरावे तपासून दाखवून दिलं की अशा फरश्या खऱ्या घरांत अगदी विरळ होत्या. असल्या तर श्रीमंतांच्या प्रवेशदालनात किंवा बोळात. राहत्या खोल्यांत लाकडी फळ्याच असायच्या, कारण त्या हवेत दगडावर पाय ठेवून दिवसभर बसवत नाही. पितळी झुंबरांचंही तसंच. चित्रांत ती पावलोपावली दिसतात, घरांच्या याद्यांत क्वचित.

मग चित्रकार त्या का घालायचे? एक कारण मिरवण्याचं: गिऱ्हाइकाला आपल्याहून एक पायरी वरचं घर भिंतीवर हवं असतं. दुसरं कारण चित्रकाराच्या कामातलं आहे. चौकटींची फरशी असली की खोलीचा खोलपणा आपोआप दिसतो. व्हर्मीरच्या बऱ्याच चित्रांत रेषा जिथे एकत्र मिळतात तिथे टाचणीचं बारीक भोक सापडलं आहे. तिथे टाचणी रोवायची, खडू लावलेला दोरा ताणायचा आणि टणत्कार करून सोडायचा. आपले सुतार सूत मारतात तसंच. फरशीची प्रत्येक रेघ अशी मिळते. म्हणजे फरशी हा घराचा पुरावा नाही, चित्रकाराच्या हुन्नराचा आणि गिऱ्हाइकाच्या हौसेचा पुरावा आहे.

गालिचा मात्र खरा. तुर्की किंवा इराणी गालिचा इतका मोलाचा होता की तो जमिनीवर न टाकता टेबलावर पसरत. चिनी मातीची भांडीही खरी, पण इथे जपून. डेल्फ्टच्या कुंभारांनी निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांच्या नकला स्वस्तात काढायला सुरुवात केली होती आणि चित्रात अस्सल कोणतं, नक्कल कोणती, हे बहुधा सांगता येत नाही. तेव्हा एकट्या भांड्यावरून दर्जा ठरवू नका.

मालकीण आणि मोलकरीण ओळखायला गाब्रिएल मेत्सूचं डब्लिनमधलं 'पत्र वाचणारी स्त्री' हे चित्र (१६६४ ते १६६६ च्या सुमाराचं) सगळ्यात सोपं. मालकीण खिडकीजवळ लाकडी ओट्यावर बसली आहे, कारण जमीन गार. तिच्या अंगात फरची किनार असलेलं पिवळं जाकीट. शिवताना बोटात घालायचं टोपण घरंगळून जमिनीवर पडलंय, एक चप्पल पायातून निसटली आहे. मोलकरीण उभी, तपकिरी कपडे, निळा एप्रन, काखेत बादली. हातातलं काम न ठेवता ती भिंतीवरच्या चित्राचा पडदा सारून पाहते आहे. त्या चित्रात वादळातलं जहाज आहे. मालकिणीला पत्रातून कळेल ते मोलकरणीला चित्रातून कळतंय, असं मला नेहमी वाटतं.

या जोडीवरून खुणा पक्क्या होतात: निळा किंवा पांढरा जाड एप्रन, दुमडलेल्या बाह्या, हातात भांडं, उभी अवस्था. पण एप्रन एकटा पुरेसा नाही. घरकामात लक्ष घालणारी मालकीण हे त्या समाजाचं आदर्श रूप होतं आणि दे होखच्या चित्रांत कपाटातल्या चादरी मालकीण स्वतः मोजून घेते. शिवाय बहुतेक घरांत मोलकरीण नव्हतीच. असली तर एकच. त्यामुळे एका घरात तीन-चार नोकर दिसले तर ते घर फारच वरचं.

पिवळ्या जाकिटाचा एक धोका सांगते. फरची पांढरी किनार असलेलं तसंच जाकीट व्हर्मीरच्या सहा चित्रांत येतं. व्हर्मीरच्या मृत्यूनंतर फेब्रुवारी १६७६ मध्ये घरातल्या सामानाची यादी झाली, तिच्यात त्याच्या बायकोचं पांढऱ्या फरच्या किनारीचं पिवळं साटीनचं जाकीट नोंदलेलं आहे. म्हणजे एकच कपडा वेगवेगळ्या बायकांच्या अंगावर चढत होता. सहा श्रीमंत बायका मोजू नका, घरातलं एक जाकीट मोजा. आणि त्या घरावर तेव्हा कर्ज होतं. बेकरीवाल्याचंच ६१७ गिल्डर (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन) देणं होतं आणि त्यापोटी दोन चित्रं त्याच्याकडे गेली.

खडूपाटी

फार आभार. फरश्यांबद्दल मी अगदी उलट लिहून ठेवलं होतं, ते पान बदलतो.

आणखी दोन शंका. गटचित्रांत कोण कुठे उभं राहायचं हे पैशांवर ठरायचं असं वाचलं, त्यात तथ्य किती? आणि यान स्टेनचं 'डेल्फ्टचा महापौर आणि त्याची मुलगी' हे चित्र यादीत आहे, त्यात भिकारीण समोर उभी असून मुलगी तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. यावर काय लिहावं?

स्टायव्हर२०

पैशाचं परिमाण आधी. १ गिल्डर म्हणजे २० स्टायव्हर. शतकाच्या मध्यावर ॲमस्टरडॅमच्या साध्या मजुराला दिवसाला सुमारे १ गिल्डर मिळायचा. आता रेम्ब्रांटचं शहररक्षक दलाचं गटचित्र 'रात्रीचा पहारा' (१६४२) पाहा. त्यात चित्रित झालेल्यांपैकी एकाने १६५९ मध्ये साक्ष दिली की प्रत्येकाला सरासरी १०० गिल्डर पडले, चित्रातल्या जागेप्रमाणे कुणाला जास्त, कुणाला कमी. म्हणजे तुमची शंका कागदोपत्री खरी आहे. मजुराची सुमारे शंभर दिवसांची कमाई देऊन माणूस त्या कॅनव्हासवर शिरत होता. चित्रातल्या ढालीवर १८ नावं आहेत, ती मागाहून रंगवलेली. ढोलवाला मात्र भाड्याने आणलेला आणि बाकीचे कित्येक चेहरे रेम्ब्रांटने जागा भरायला घातलेले. '३४ श्रीमंत नागरिक' असं काही लिहू नका.

मधले दोघे सगळ्यात बोलके. काळ्या पोशाखात तांबडा पट्टा बांधलेला कप्तान फ्रान्स बानिंक कोक याचा बाप ब्रेमेनहून आलेला औषधविक्या. पोराने महापौराच्या मुलीशी लग्न केलं आणि पुरमरलंडची जहागिरी त्याच्याकडे आली. पिवळ्या पोशाखातला लेफ्टनंट विलेम फान रायटनबुर्ख याचं घराणं मसाल्याच्या व्यापारातलं. व्लार्डिंगनची जहागिरी त्याच्या बापाने विकत घेतली होती, ती त्याच्याकडे आली. दुकानातून दोन पिढ्यांत जहागिरीपर्यंत, हा त्या प्रजासत्ताकातला वर जाण्याचा जिना. हॉलंड प्रांतात जुने सरदार थोडे, खरी सत्ता शहरांचा कारभार पाहणाऱ्या रीजेंट घराण्यांकडे. व्यापाराचा पैसा आला की जमीन घ्यायची, कुलचिन्ह लावायचं, दुर्मीळ वस्तूंचा संग्रह करायचा. ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्या संग्रहात गोवळकोंड्यात रंगवलेली हिंदुस्थानी सत्ताधीशांची लहान चित्रं होती, त्यात शिवाजी महाराजांचंही आहे. तो चित्रसंच आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयात आहे.

शहररक्षक दलात जायला शस्त्र आणि सरंजाम आपला आपण घ्यावा लागे. तेवढ्यानेच गरीब बाहेर राहायचा. हार्लेममध्ये अधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांची, ती संपली की मेजवानी आणि तिचं चित्र. हाल्सचं १६१६ चं सेंट जॉर्ज दलाचं चित्र घ्या. बसण्याची जागा हुद्द्याप्रमाणे आहे, कर्नल टेबलाच्या मानाच्या टोकाला. निशाणं घेतलेले तरुण उभे आहेत. त्यांनी अविवाहित असावं असा नियम होता. पैशाचा हिशेब हाल्सकडेही दिसतो. ॲमस्टरडॅमच्या दलाचं १६ जणांचं मोठं चित्र त्याने १६३३ मध्ये घेतलं, माणशी दर ६० वरून ६६ गिल्डर झाला, पण तो हार्लेम सोडून रंगवायला येईना. शेवटी पीटर कॉडेने १६३७ मध्ये ते पुरं केलं. विद्यार्थ्यांना डावी बाजू आणि उजवी बाजू तुलना करायला सांगा, हात बदललेला कळतो.

हाल्सच्या १६६४ च्या वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांबद्दल एक जुनी गोष्ट अजून फिरते: दरिद्री हाल्स त्याच आश्रमात राहत होता आणि त्याने सूड म्हणून त्यांना दारुडे रंगवलं. हाल्स तिथे कधीच राहिला नाही. त्या वर्षी शहराने त्याला सालाना २०० गिल्डरची मदत मंजूर केली होती. एका विश्वस्ताची हॅट तिरकी आहे एवढ्यावर ही कहाणी उभी आहे. तुमच्या विषयाला उपयोगी तपशील वेगळाच आहे: मागे उभा राहिलेला नोकर, पुन्हा उघड्या डोक्याचा.

आता स्टेनचं चित्र, १६५५. पहिलं काम म्हणजे शीर्षक बदला. 'महापौर' हे नाव नंतर चिकटलं. राइक्सम्युझियमने २००४ मध्ये चित्र घेतल्यावर अभ्यासकांनी दफ्तरं चाळून माणूस ओळखला: धान्याचा व्यापारी आदोल्फ क्रूसर, आणि तेरा वर्षांची मुलगी काटारिना. जागा डेल्फ्टमधला आउड डेल्फ्ट कालवा, म्हणजे शहरातली सगळ्यात मानाची वस्ती. तो आपल्या घराच्या ओट्यावर पाय पसरून बसला आहे. ओटा ही घर आणि रस्ता यांच्यामधली जागा. त्याच्या बसण्यात ती मालकी दिसते. समोर म्हातारी आणि एक मुलगा, दोघं खाली रस्त्यावर.

मुलीच्या नजरेवर अडकू नका, त्याच्या हातातला कागद पाहा. तो बहुधा भीक मागण्याचा परवाना किंवा दाखला आहे. डच शहरांत कुणीही उठून दारोदार मागू शकत नसे. लायक गरीब कोण, हे शहराने ठरवायचं आणि तसा कागद द्यायचा. म्हणजे चित्रातला प्रसंग असा: मागणारीने कागद दाखवला आहे, देणारा तो तपासतो आहे. दान आणि तपासणी एकाच हातात. मुलगी आपल्याकडे तोंड करून उभी आहे, कारण हे मूळात तिचं आणि बापाचं पोर्ट्रेट आहे. पैसे त्यांनी दिलेत, म्हातारीने नाही.

पडवळवेल

शेतकऱ्यांच्या प्रश्नाला वरच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे: चित्रातला माणूस आणि चित्र घेणारा माणूस वेगळे. ओस्टाडे हार्लेम शहरातला, त्याची गिऱ्हाइकं शहरातली. चित्रात पोर्ट्रेट आहे की नमुना, हे प्रत्येक वेळी आधी ठरवा. पोर्ट्रेटमध्ये माणूस आपली प्रतिमा विकत घेतो. नमुन्यात दुसरा कुणी त्याची प्रतिमा घेतो. तिसरा प्रकार 'ट्रोनी', म्हणजे नुसता चेहऱ्याचा अभ्यास. व्हर्मीरची मोत्याचं कर्णफूल घातलेली मुलगी ट्रोनी आहे. पगडी आणि भलामोठा मोती पाहून ती कुणा श्रीमंताची मुलगी असं लिहिलं तर ते निराधार.

नमुन्याच्या शेतकऱ्याची देहबोली ठरलेली असते. अंग बुटकं आणि गोल, पाय फाकलेले, पाठ वाकलेली, तोंड उघडं आणि दात दिसणारे. रीजेंटांच्या पोर्ट्रेटमध्ये दात शोधून सापडत नाहीत. पेला कसा धरलाय तेही पाहा. गेरार्ड दे लेरेस या चित्रकाराने १७०७ मध्ये छापलेल्या शिकवणीत हे हातांच्या आकृत्यांसकट दाखवलं आहे: खानदानी माणूस पेला खालच्या बैठकीला बोटांच्या टोकांनी धरतो, अडाणी माणूस अख्ख्या मुठीत आवळतो. हे नियम चित्रकारांना माहीत होते आणि ते वापरतही. त्यामुळे 'शेतकरी असेच होते' असं नका लिहू. 'शहरी गिऱ्हाइकाला शेतकरी असा पाहायला आवडे' हे लिहा. १६५० नंतर ओस्टाडेचेच शेतकरी शांत होतात, घर नीटनेटकं होतं, मारामाऱ्या मागे पडतात. गिऱ्हाइकाची आवड बदलली, तसा चित्रातला शेतकरी बदलला. कणव हा शब्द मी तरी जपूनच वापरेन.

कणव जिथे खरी वाटते असं एक चित्र सुचवतो: खेरार्ड तेर बोर्खचं 'धारवाल्याचं कुटुंब', साधारण १६५३, बर्लिनमध्ये आहे. हाच चित्रकार साटीनच्या झग्यांसाठी नावाजलेला. इथे मोडकळलेलं परसू, धारेच्या चाकावर वाकलेला माणूस आणि पुढे आई लेकराच्या डोक्यातल्या उवा पाहते आहे. तुटक्या विटा आणि उडालेला गिलावा त्याने साटीनच्या घडीइतक्याच निगुतीने रंगवला आहे.

चित्रं कोण घ्यायचं, याबद्दल: पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६४० मध्ये लिहितो की कसाई आणि बेकरीवाले दुकानात चित्रं लावतात, लोहार आणि चांभारही भट्टीपाशी किंवा टपरीत एखादं ठेवतात. छोटी निसर्गचित्रं थोडक्या गिल्डरांत मिळत, त्यामुळे हे शक्य होतं. पण यावरून 'सगळ्यांच्या घरी व्हर्मीर' असं समजू नये. व्हर्मीरची चित्रं जपणारा बेकरीवाला होता खरा, पण तो पैसेवाला माणूस होता. 'बेकरीवाला' या शब्दाचं वजन आपल्याकडच्या पावविक्यावरून ठरवू नका. स्टेननेच १६५८ मध्ये लायडनचा बेकर आरेंट ओस्टवार्ट आणि त्याची बायको यांचं चित्र काढलं. बेकर चक्क कामाच्या पांढऱ्या सदऱ्यात, हातात भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं, बाजूला पोरगा शिंग फुंकतोय, म्हणजे गरम पाव तयार. आपल्या धंद्याच्या कपड्यांत पोर्ट्रेट करून घेणं, हा काळ्या पोशाखाइतकाच ठसठशीत अभिमान आहे.

सुरुवातीला मुलांना दाखवायला आव्हरकांप या चित्रकाराचं १६०८ च्या सुमाराचं गोठलेल्या कालव्यावरचं चित्र ठेवा. घोड्याच्या घसरगाडीतले बडे, स्केटिंग करणारी जोडपी, आपटलेले, ओझं वाहणारे, सगळे एकाच बर्फावर. दहा मिनिटं देऊन कोण कोणत्या थरातलं ते शोधायला लावा आणि मग विचारा, कशावरून ठरवलंत?

खडूपाटी

वा, क्रमच लागला. शेवटचं एक विचारतो. व्हर्मीरच्या 'दूध ओतणारी'मध्ये मोलकरीण एकटीच आहे, मालकीण नाही, घरही मोठं दिसत नाही. तिथे या खुणांपैकी काय धरायचं?

नीळमंजिष्ठ

तिथे हात धरा. चित्र लहान आहे, जेमतेम ४५.५ गुणिले ४१ सेंटीमीटर, त्यामुळे मोठी प्रत घेऊनच पाहा. तिच्या बाह्या वर सारलेल्या आहेत. मनगट आणि हात रापलेले, आणि बाहीखाली एरवी झाकलेला भाग उजळ. पाण्यात, उन्हात आणि चुलीपाशी काम करणाऱ्या बाईच्या हाताची ही सीमारेषा आहे. साटीनचा पोशाख केलेल्या व्हर्मीरच्या कोणत्याही बाईच्या हातावर ती दिसणार नाही. अंगात जाड लोकरीचं पिवळं जाकीट, जमिनीवर पायशेगडी: भोकं पाडलेली लाकडी पेटी, आत मातीच्या भांड्यात निखारे. भिंतीत खिळे आणि उपटलेल्या खिळ्यांची भोकं. फरशी संगमरवराची नाही. २०२२ मध्ये राइक्सम्युझियमच्या तपासणीत दिसलं की मागे आधी सुरया टांगायची फळी आणि खाली निखाऱ्यांची टोपली रंगवली होती, ती व्हर्मीरने स्वतः झाकून टाकली. सामान काढत काढत त्याने तिच्यामागे मोकळी भिंत ठेवली.

आणि एप्रनचा निळा. एप्रन कामवालीचा, पण तो रंगवायला व्हर्मीरने लाजवर्द दगड कुटून काढलेला अल्ट्रामरीन वापरला आहे. अफगाणिस्तानच्या खाणींतून येणारा हा दगड, आणि चित्रकाराच्या पेटीतला सगळ्यात महाग निळा. स्वस्त निळे हाताशी असताना त्याने हा निवडला. १६९६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या लिलावात त्याची २१ चित्रं निघाली. सर्वांत वरची बोली 'डेल्फ्टचं दृश्य' या चित्राला, २०० गिल्डर. तिच्याखालोखाल हिला, १७५.